उमर तांडेलच्या चार वस्तू

राखाडी रंगाला गिऱ्हाईक नसतं. नानांच्या दुकानात कामाला लागल्यावर मी सगळ्यात आधी शिकले ते हे. दुकानाच्या पाटीला लाल हवा, होडीच्या नावाला पिवळा हवा, शाळेतल्या सरस्वतीच्या साडीला मोरपंखी हवा. राखाडी कुणी मागायचं नाही. आणि तरी आमच्या मागच्या खोलीत सगळ्यात जास्त घोटला जायचा तो राखाडीच.

दुकान बाजारातून मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. आज तिथं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळतात. पुढं एक खोली, मागं एक खोली, वर कौलं. रंगात घालायचं बेलतेल, टर्पेंटाइन आणि खालून वाऱ्याबरोबर चढणारी सुकी मासळी, या तिघांचा मिळून एक वास तिथं असायचा. लग्नाच्या दिवशीही माझ्या केसांना तो येत होता, असं माझा नवरा सांगतो. तक्रार म्हणून सांगतो की कौतुक म्हणून, हे अजून ठरलेलं नाही.

नाना मुंबईला चित्रकला रीतसर शिकून आलेले. तिथं राहिले असते तर नाव झालं असतं, असं लोक म्हणायचे. नानांना विचारलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "पाटी लोक वाचतात तरी. चित्राकडे नुसते बघून पुढं जातात."

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः घ्या. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि शाई पसरलेली, वाकडी छापलेली पत्रकं घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं केली, चित्रं काढली आणि पुढची बाजू वाचून काढली. बंधूंनो, भगिनींनो, जागे व्हा, उद्या सकाळी दहा वाजता. मला कितीतरी वर्षं वाटायचं, जगातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी उद्या सकाळी दहा वाजताच घडतात.

कॉलेजात असताना कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या मोर्चासाठी मी आणि दोघी मैत्रिणींनी बंदराकडची एक भिंत रंगवली. दुसऱ्या दिवशी जाड चष्म्याचे एक गृहस्थ त्या भिंतीसमोर छत्री टेकून उभे होते. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "मजकूरही बरोबर आहे. पण 'न्याय' उताराला लागलाय बघ. घाई केलीस. माझ्याकडे कामाला येतेस का?" अशी माझी नेमणूक झाली.

काम तीन प्रकारचं होतं. पाट्या, होड्यांची नावं आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी. तसबिरींना त्या वर्षांत मागणी फार. मुंबईच्या गिरण्यांचा संप चिघळला होता, आतल्या गावांतली माणसं वळकटी घेऊन परत येत होती, आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात येत होतं की आईबाप मधल्या मध्ये निघून गेले आणि भिंतीवर काहीच नाही. मग पाकिटातून बोटाएवढा फोटो निघायचा. कधी लग्नातल्या घोळक्यातलं एक डोकं. त्यावरून आम्ही दोन फुटांचं माणूस करायचो.

एक जण फोटोशिवायच आला. बापानं जन्मात फोटो काढला नव्हता. त्यानं धाकट्या भावाला समोर उभं केलं आणि म्हणाला, "नाना, हाच काढा. फक्त म्हातारा करा आणि रागीट करा." नानांनी विचारलं, "किती रागीट?" दोघे भाऊ विचारात पडले. शेवटी थोरला म्हणाला, "गाय दुसऱ्याच्या शेतात शिरलीय, येवढा." नानांनी तेवढाच राग काढला. तसबीर घ्यायला अख्खं घर आलं होतं. त्यातली एक म्हातारी ती बघून दोन पावलं मागं सरकली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. याच्याएवढी पावती मला पुढं कुठल्याच कामाची मिळाली नाही.

आणखी एक गिऱ्हाईक होतं, होडीवाला. त्याला नावाशेजारी सिंह हवा होता, आणि तो डावीकडे बघणारा हवा होता. शेजारच्या होडीवरचा सिंह उजवीकडे बघत होता आणि दोन्ही होड्यांच्या मालकांचं बोलणं बंद होतं. होड्या बंदरात शेजारी लागल्या की सिंहांनी एकमेकांकडे पाठ करावी, एवढीच त्याची इच्छा. आम्ही केलं. पण होडी उलट्या बाजूनं लागली की दोन्ही सिंह एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहायचे, आणि अख्खा मिरकरवाडा बघायला यायचा.

हे झालं पोटाचं काम. पावसाळ्यात ते थांबायचं. ओल्या लाकडाला रंग धरत नाही आणि होड्या माडाच्या झापांखाली किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा नाना मागच्या खोलीत जायचे आणि स्वतःसाठी एक स्थिरचित्र लावायचे. एका टेबलावर कळशी, दोन पेरू, एक पंचा. त्यावर ते अख्खा पावसाळा घालवायचे.

माझा संताप व्हायचा. मी त्यांना एकदा स्पष्ट विचारलं, "नाना, खाली बंदरात कोळंबी सोलून बायकांच्या बोटांची सालं निघालीत, आणि तुम्ही पेरू रंगवताय?"

"ती बोटं रंगवायला येतील तुला?"

"प्रयत्न करीन."

"कर. पण पेरूसुद्धा गोल दिसत नाहीये तुझा. बोटं फार कठीण."

त्या रागात मी शिकायला बसले. रीत अशी. आधी कोळशानं रेखाटन. मग काळा, भुरा आणि पांढरा यांच्या मिश्रणातून नुसतं उजेड-सावलीचं चित्र, जणू जगात रंग नाहीतच. नाना त्याला अस्तर म्हणायचे. कोटाचं अस्तर बाहेरून दिसत नाही, पण खांदा त्याच्यावरच बसतो. हे अस्तर पूर्ण वाळू द्यायचं. आषाढात आमच्याकडे मीठ पातळ होतं, तिथं तेलाचा रंग काय वाळणार! चित्राजवळ दिवा लावून ठेवायचा आणि वाट बघायची. मग त्यावर तेलात पातळ केलेला रंग, काचेसारखा, आतलं दिसेल असा. पिवळा पसरला की खालची राखाडी कळशी एकदम पितळेची होते. पेरूला हिरवा लावला की त्याचं वजन दिसायला लागतं. उजेडाचं सगळं काम राखाडीनं आधीच करून ठेवलेलं असतं.

आणि नियम एकच. "वस्तूचं नाव विसर," नाना म्हणायचे. "कळशी म्हटलंस की डोक्यातली कळशी काढशील. समोर कळशी नाहीच. एक काळा डाग, त्याच्या शेजारी एक करडा डाग, मध्ये एक पांढरा. डाग बघ, डाग लाव."

ज्या पावसाळ्याची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी टेबलावर कळशी लागली नाही. हलीमाबाय आली.

उमर तांडेलची ती बायको. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. उमर तांडेलच्या होडीवर मीच नाव रंगवलं होतं, आणि पिवळा फिका पडला म्हणून त्यानं माझ्याशी दणकून भांडण केलं होतं. जून महिन्यात, होडी वर ओढून झाल्यावर, तो घरी छातीत दुखून गेला. एवढा दर्यात फिरलेला माणूस, आणि गेला तो ओसरीवर चहा पिताना. हलीमाबायबरोबर तिचा दीर होता, कासमभाई. तो दुबईला होता, भावासाठी आला होता. हातात मोठी काळी छत्री, काखेत गाठोडं.

"तसबीर करायची?" नानांनी आवाज खाली आणून विचारलं. "फोटो आणलाय का?"

"फोटो नको," हलीमाबाय म्हणाली. "माणूसच नको. नमाज पडतो त्या घरात आमी तसबीर लावत नाय. ह्या वस्तू काढा."

कासमभाईनं गाठोडं सोडलं. आत चार वस्तू होत्या. पितळेचा एक बदना, म्हणजे वजूचं, नमाजाआधी हात-तोंड धुवायचं तोटीचं भांडं, घासून घासून सोन्यासारखं झालेलं. लाकडी पेटीतलं होकायंत्र. लोकरीची कानटोपी. आणि जाळं विणायची लाकडी सुई, तिच्यावर दोरा तसाच गुंडाळलेला.

"होडी आता आमच्या दुसऱ्या भावाचा मुलगा नेणार," कासमभाई म्हणाला. "तर होकायंत्र होडीबरोबर जाईल. बदना मशिदीला द्यायचा, तसं भाईनं सांगून ठेवलं होतं. टोपी नि सुई त्याच्या जुन्या खलाशाला. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात जातील, तेव्हा हे सगळं घरातून जाईल."

"मग माझ्याकडं त्याचं काय राहील?" हलीमाबाय म्हणाली. "म्हणून काढा. घरात लावीन. फक्त एक सांगून ठेवतंय. जीव असलेलं काय नको त्यात. माणूस नको, पाखरू नको, मासळी नको. एवढं सांभाळलंत की झालं."

नानांनी बदना हातात घेऊन खिडकीकडे फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा लोभ कधी पाहिला नव्हता. "मिळेल," ते म्हणाले. "पण घाई करता येणार नाही हो यात."

"घाई मला कुठं हाय? होडीला हाय."

तर बेत असा ठरला की वस्तू आमच्याकडे आहेत तोवर अस्तर पुरं करायचं. रंगांचे नुसते ठिपके एका पुठ्ठ्यावर लावून ठेवायचे, पितळेचे, लाकडाचे, लोकरीचे. "रंग लक्षात राहतो," नाना म्हणाले. "उजेड लक्षात राहत नाही. तो आत्ता पकडायला हवा."

वस्तू ठेवून जायला मात्र हलीमाबाय तयार होईना. "अशा परक्या घरात एकट्या नाय सोडणार," ती म्हणाली, जणू चार लेकरं होती. दुपारची नमाज झाली की ती यायची. मागच्या खोलीला परसाकडे उघडणारं एक दार होतं, चित्राला उजेड तिथूनच यायचा. त्या उंबऱ्यावर ती बसायची, एक गुडघा वर, मांडीवर सूप, सुपात तांदूळ; इझलची पाठ तिच्याकडे. साडीवरची पांढरी ओढणी डोक्यावरून पुढं ओढलेली. बाहेर पाऊस, आत दिव्याची ऊब, नानांच्या ब्रशची कॅनव्हासवर खसखस, आणि तिच्या सुपाचा आवाज. त्या खोलीत मी जेवढं ऐकलं तेवढं कुठल्याच सभेत ऐकलं नाही.

नाना अटीला जागणारे. पितळेच्या पोटात अख्खी खोली दिसते, आणि चित्रकार समोर बसला की तोही दिसतो. म्हणून त्यांनी बसायची जागा बाजूला घेतली आणि स्वतःच्या नि बदन्याच्या मध्ये एक कोरी फळी उभी केली. तिच्या कडेवरून मान वाकडी करून बघायचे आणि परत सरळ होऊन रंगवायचे. हलीमाबायला त्याची मजा वाटायची.

"काय हो नाना, बदन्याशी लपाछपी खेळताव?"

"तुमचीच अट आहे. मी दिसता कामा नये."

"दिसलात तरी कोण वळखणार? एवढुसे!"

उमर तांडेलबद्दल ती रडत कधी बोलली नाही. होकायंत्राची पेटी नानांनी जरा हलवली की म्हणायची, "सांभाळा. ह्याच्या जिवावर मिजास होती. धुक्यात बंदर बरोबर सापडायचं, आणि घरात सोताची चप्पल सापडायची नाय. मी काढून द्यायची." मग तांदळातला खडा काढून बाहेर फेकायची. मी तिला विचारायचे, खलाशांना वाटा किती मिळतो, बायकांना लिलावात बोली लावू देतात का, बर्फाचा भाव कोण ठरवतो. ती उत्तरं द्यायची, चांगली, नेमकी. एकदा मात्र सूप खाली ठेवून म्हणाली, "पोरी, तुजं लगीन झालं की नवऱ्याशी बोलशील का त्याला पत्रक छापून देशील गो?" नाना फळीआड इतके हसले की ब्रश हातातून सुटला.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या उतरल्या. कासमभाई वस्तू न्यायला आला तेव्हा अस्तर पुरं झालं होतं. रिकाम्या टेबलावर धुळीत चार स्वच्छ जागा उरल्या, आणि शेजारी, आता दाराकडे वळवलेल्या इझलवर, ते राखाडी चित्र. टोपीची लोकर बोटाला टोचेल अशी. होकायंत्राच्या काचेवर उजेडाची बारीक रेघ. आणि बदना तर असा की तोटीतून पाणी येईल. नाना कधीच स्वतःचं कौतुक करायचे नाहीत, पण त्या दिवशी चहा पिताना चित्राकडे तोंड करून बसले.

हलीमाबाय पुरं झालेलं अस्तर बघायला आली ती पुढच्या आठवड्यात, पाऊस उघडल्यावर. कासमभाई बरोबर होता, दुबईला परत जायच्या आधी बघून जाईन म्हणाला. ती चित्राच्या जवळ गेली. टोपीपाशी थांबली, सुईपाशी थांबली. मग सवयीनं मागं जाऊन उंबऱ्यावर बसली, आपल्या जागी. तिथून बघत राहिली. आणि उठली.

"नाना, ही कोण?"

"कुठं?"

"बदन्यात."

आम्ही तिघंही पुढं झालो. जवळून काही दिसत नव्हतं. उजळ दाराच्या चौकटीत एक गडद डाग, खाली रुंद, वर निमुळता, एका बाजूला कोन. नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि उंबऱ्यापाशी जाऊन बघितलं. मीही गेले. तिथून तो डाग राहिलाच नव्हता. एक बाई बसली होती. ओढणी डोक्यावर, गुडघा वर, मांडीवर सूप. अंगठ्याच्या नखाएवढी, पण तिची मान जरा डावीकडे कलते तीसुद्धा कललेली.

"मीच हाय ती," हलीमाबाय म्हणाली.

नानांचा चेहरा उतरला. स्वतःला लपवायला फळी उभी केली, मान आखडून घेतली, आणि जी रोज समोर बसत होती तिला त्यांनी स्वतःच्या हातानं, निगुतीनं, दुपारमागून दुपार रंगवलं होतं. नाव विसरून. डाग बघून डाग लावला होता. मीही रोज ते चित्र बघत होते, मलाही दिसली नव्हती.

कासमभाईनं पुढं वाकून तो डाग पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाला, "भाबी, हे घरात लावता यायचं नाय."

"दुसरं करायचं तर वस्तू परत आणाव्या लागतील," नाना म्हणाले.

"होकायंत्र दर्यात गेलं. टोपी-सुईवाला त्याच होडीवर. आता कुठनं आणायच्या?" कासमभाई म्हणाला.

एवढं ऐकलं आणि माझ्यातली सगळी पत्रकं एकदम जागी झाली. मी म्हटलं, का नाही लावता येणार? या बाईनं आयुष्यभर घर चालवलं, त्याच्या चपला शोधून दिल्या, जाळी नीट केली, आणि चित्रात तिला मिळाली किती जागा, तर नखाएवढी. तीही पुसायची? कुणाच्या सांगण्यावरून? अजून बरंच बोलले. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. कासमभाई बिचारा छत्रीच्या मुठीकडे बघत उभा होता.

"ए पोरी," हलीमाबाय म्हणाली, "तुजा मोर्चा कुठं निघालाय? नमाज मी पडतंय. घरात नको म्हणणारी मीच. ह्यानं काय केलं? ह्याच्यावर कशाला उलटतेस?"

"पण तुमचा हक्क..."

"हक्क माझा, तर बोलू दे ना मला."

मी चिंधी उचलून ब्रश पुसायला लागले. माझं भाषण चांगलं होतं, हे मी अजूनही म्हणते. फक्त ज्या बाईसाठी ते केलं, तिला त्याची गरज नव्हती.

नानांनी खरवडायची पाती उचलली. "पावसात पुरतं वाळलेलं नाही तिथं, आतून अजून ओलं आहे," ते म्हणाले. "आत्ता निघेल. माझी चूक आहे, मी दुरुस्त करतो." पाती चित्राला टेकणार एवढ्यात तिनं हात पुढं केला.

"थांबा. काढल्यावर तिथं काय येईल?"

"रिकामं दार. म्हणजे नुसता उजेड."

"आणि काढलंच नाय तर?"

नानांनी पाती खाली घेतली. बाहेरच्या माणसाला धंद्यातली गोष्ट समजावताना ते नेहमी सावकाश बोलायचे, तसे बोलले. "सावलीवर आम्ही रंग पातळ लावतो, खालचं दिसतं. उजेडावर जाड लावतो. पांढरा, त्यात पिवळ्याचा अंश, चांगला घट्ट. रिकाम्या दाराचा उजेड लावला तर खालचं काही दिसणार नाही."

"मग खालचं जातं कुठं?"

"जात कुठं नाही. असतं तिथंच."

परसात कौलांवरून पाणी गळत होतं. हलीमाबाय चित्राकडे बघत उभी राहिली. सुई, टोपी, होकायंत्र, आणि त्यांच्या मध्ये, पितळेच्या पोटात, ती. उमर तांडेलच्या वस्तू गेल्या होत्या, घरात ती एकटीच काय ती राहणार होती, आणि चित्रात सगळी एकत्र होती.

"तर मग खरवडू नका," ती म्हणाली. "वरनं उजेड लावा."

मग ती कासमभाईकडे वळली. परवानगी मागायला नव्हे, पण घरातल्या माणसाला विचारतात तसं. कासमभाईनं चित्राकडे पाहिलं, भावाच्या टोपीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "भाबी," तो म्हणाला, "जे दिसत नाय त्याचा हिशेब मी कशाला ठेवू? तो ठेवणारा वर हाय."

नाना खोटं पचवू शकत नसत. "एक सांगायला हवं," ते म्हणाले. "तेलाचा रंग म्हातारा झाला की विरळ होतो. लगेच नाही. आपल्यापैकी कुणी नसेल तेव्हा. तेव्हा खालचं थोडं वर येऊ शकतं."

कासमभाई पहिल्यांदा हसला. "तेव्हा भाबी कुठं, नि आपण कुठं!"

"तेव्हा घरात जे नमाज पडत असतील, ते बघतील काय करायचं ते," हलीमाबाय म्हणाली आणि ओढणी झटकून निघाली.

गणपती होऊन ऊन पडल्यावर आम्ही रंगाला हात घातला. पुठ्ठ्यावरचे ठिपके खरे निघाले, लोकरीचा विटका निळा, सुईच्या लाकडाचा मधासारखा रंग. पातळ पिवळा बदन्यावरून फिरला आणि राखाडीतून पितळ वर आलं. त्या क्षणाची मला अजूनही सवय झालेली नाही. रिकामं दार पितळेत कसं दिसतं हे बघायला नानांनी घरचा तांब्या घासून टेबलावर ठेवला. उंबऱ्यावर त्या दिवशी कुणी नव्हतं. हलीमाबायला आम्ही पुढच्या खोलीत बसवलं होतं.

नानांनी पांढरा घोटला, त्यात पिवळा टेकवला. ब्रश उचलला आणि तसाच धरून बसले. मग माझ्याकडे दिला. "तू लाव. मी तिथं पुन्हा पुन्हा करत बसेन. हे एका हातात झालं पाहिजे. भिंतीवर अक्षर काढतेस तसं."

आयुष्यात मी भिंतींवर पुष्कळ पांढरा रंग फासला आहे. घोषणा लिहिल्या, दुसऱ्यांच्या घोषणा पुसल्या. पांढऱ्याखाली काय आहे याची कधी फिकीर केली नव्हती. त्या दिवशी ब्रश टेकवण्याआधी मी तिच्या कललेल्या मानेकडे नीट बघून घेतलं. मग वरून खाली एक फराटा दिला, घट्ट. चौकटीत उजेड भरला. बदना आधीपेक्षाही गोल झाला.

नाना पुढच्याच वर्षी मुलाकडे डोंबिवलीला गेले आणि तिकडेच वारले. इझल माझ्याकडे आहे. मी आता शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोर्चांचे फलक रंगवते. मुलांना अस्तर शिकवायचं म्हटलं की ती विचारतात, बाई, रंग कधी? परीक्षा दोन तासांची असते, त्यांचं काय चुकलं? पण पावसाळ्यातल्या त्या खोलीत वाट बघणं हेच निम्मं काम होतं, आणि ते करायला वेळ मिळत होता, याची आठवण आली की मला आताच्या घाईचा राग येतो. त्या राखाडी वासाची ओढही लागते, राग असतो त्याच वेळी.

चित्र पोचवायला मी गेले होते. मिरकरवाड्यातलं दोन खोल्यांचं घर, चुन्याची भिंत. खिळा मीच ठोकला. चित्र टांगेपर्यंत शेजारच्या चार-पाच बायका दारात जमल्या होत्या. एक जण आत येऊन अगदी जवळ गेली. "या अल्ला, उमरचाच बदना गो!" ती म्हणाली. "आणि चमकतोय बघ कसा. हितं तर डोळे दिपतात."

"हां," हलीमाबाय म्हणाली, "तिथं जाड लावलाय."

बायका गेल्या. तिनं मला चहा दिला आणि स्वतः चित्रासमोर जमिनीवर बसली, एक गुडघा वर घेऊन. बदन्यातल्या त्या उजेडाकडे जरा वेळ बघितलं. मग आरशासमोर करावी तशी डोक्यावरची ओढणी नीट केली.